चौदा पौंड हवा

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे मी आयुष्यात इतक्या वेळा सांगितलं आहे की ऐकणाऱ्याला शंका यावी. माझे वडील शाळामास्तर. छप्पन साली दीक्षा घेतली आणि त्याच आठवड्यात त्यांनी घरातले देव एका फडक्यात बांधून नदीला सोडले. मी तेव्हा लहान होतो. त्या दिवसापासून आमच्या घरात अंगात येणं, बाहेरचं लागणं, दृष्ट काढणं हे शब्दसुद्धा बंद झाले. मी मॅट्रिकला दोनदा आपटलो आणि ड्रायव्हर झालो, हे वडिलांना फार लागलं. पण त्यांचा एक गुण माझ्यात पुरेपूर उतरला होता. कुणी काही सांगितलं की आधी नाही म्हणायचं, मग ऐकायचं.

अशा माझ्या हातातली गाडी एका दुपारी रस्त्यावरून उचलली गेली आणि त्यापायी एका बाईचं मूल गेलं. लोकांनी दोष एका मेलेल्या बाईला दिला. दोष खरा कुणाचा, हे कळायला मला एक वर्ष लागलं आणि जिला सांगायला हवं होतं तिला सांगायला आणखी तीन.

जालन्यात मस्तगडाच्या उताराला आमच्या भाड्याच्या मोटारी उभ्या राहत. पाच गाड्या होत्या. माझी सगळ्यांत छोटी, एका शेठची, काळी, टायर झिजून गोटा झालेले. शेठ टायर बदलायचं नाव काढायचे नाहीत. अंबडवरून घनसावंगी, तिथून कुंभार पिंपळगाव, ही माझी नेहमीची वाट. बाजाराच्या दिवशी व्यापारी, एरवी लग्नं, आजारी माणसं आणि बाळंतपणं.

घनसावंगीच्या अलीकडे रस्त्याचा एक तुकडा होता, जेमतेम दोन फर्लांगांचा. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर हजारो माणसं होती, त्यांनी तो केलेला. पुढं त्यावर डांबर पडलं आणि ते इतकं गुळगुळीत बसलं की बाकीच्या रस्त्यावरून आल्यावर तिथं गाडीचा आवाजच बदलायचा. दोन्ही बाजूंच्या काळ्या रानांची माती वाहून येऊन कडा उंच झाल्या होत्या. पाऊस झाला की पाण्याला जायला जागा नसे, ते रस्त्यावरच पसरून राही. चार बोटंही खोल नसेल. आभाळ दिसायचं त्यात.

त्या कामावर एक बाई खडी फोडता फोडता बाळंत झाली आणि तिथंच गेली, मूलही गेलं, असं सगळे सांगत. तिचं गाव कुणाला माहीत नव्हतं. पावसाळ्यात ती गाड्या उचलते, असं म्हणत. सगळ्या नाही. भरलेला ट्रक तिनं कधी उचलला नाही, बस उचलली नाही, जीप उचलली नाही. छोट्या मोटारी उचलायची, आणि त्यातही ज्या गाडीत पोटुशी बाई असेल तीच. आमच्या अड्ड्यावर दोन पावसाळ्यांत तिघांना हा अनुभव आला होता. तिन्ही वेळा मागच्या सीटवर दिवस भरत आलेली बाई होती. माझ्याकडं याला उत्तर नव्हतं, म्हणून मी मोठ्यानं हसायचो.

त्या जागेचा एक नियम होता. तिथं थांबायचं नाही, ब्रेक लावायचा नाही, मागं वळून पाहायचं नाही. अलीकडच्या लिंबाच्या झाडापासून पलीकडच्या लिंबापर्यंत गाडी जेवढी पळेल तेवढी पळवायची. वेग कमी केला तर ती आत येऊन बसते. मी मानत नव्हतो, पण पळवायचो. सगळेच पळवतात तिथं आपण एकट्यानं गाडी रेंगाळत नेली तर बरं दिसत नाही, असं मी स्वतःला सांगायचो.

दुसरी एक रीत आमच्या अड्ड्याची स्वतःची होती आणि तिचा आम्हाला अभिमान होता. अड्ड्यावरचे सर्वांत जुने ड्रायव्हर, त्यांना आम्ही चाचा म्हणायचो, त्यांनी ती घालून दिली होती. पोटुशी बाई गाडीत बसायची असली की चारी टायरांतली हवा कमी करायची. व्हॉल्व्हच्या पिनवर आगपेटीची काडी दाबून धरायची, फुस्स करून हवा जाई. चोवीस पौंडांच्या जागी चौदाच ठेवायची. टायर खाली जरा पसरे आणि गाडी खड्ड्यातून मऊ जाई. बाईच्या पोटाला धक्का बसत नसे. अड्ड्यावर परत आलं की पायपंपानं हवा भरताना घाम निघे, पण त्याचा जादा पैसा कुणी घेत नसे. चाचा म्हणायचे, बाळंतपणाची गाडी म्हणजे पाळणाच समजायचा.

त्या दिवशी मी कुंभार पिंपळगावहून एका शेतकऱ्याच्या सुनेला आणत होतो. आठवा महिना. तिचं माहेर जालन्याचं, आई न्यायला आली होती. पोरीला मागं पाय पसरून आडवं होता यावं म्हणून आई पुढं माझ्या शेजारी बसली. मी नेहमीप्रमाणं काडी घेऊन चारी चाकांपाशी बसलो, हवा सोडली. ती सून दारात उभी राहून बघत होती. तिनं विचारलं, भाऊ, हे काय करून राह्यले. मी म्हणालो, तुमच्यासाठी रस्ता मऊ करून राह्यलो. ती हसली. ते हसू मला अजून आठवतं आणि आठवू नये असं वाटतं.

दुपारचे दोन-अडीच वाजले असतील. सकाळपासून पडणारा पाऊस नुकताच थांबला होता आणि लख्ख ऊन पडलं होतं. पहिला लिंब आला. मी पाय दाबला, काटा साठाच्या पुढं गेला. समोर रस्ता नव्हता, सबंध आभाळ पसरलं होतं. चाकांखाली पाणी फाटल्याचा चर्र आवाज येत होता.

आणि तो आवाज बंद झाला.

इतकी शांतता मी चालत्या गाडीत कधी ऐकली नाही. इंजिन एकदम मोकळं होऊन ओरडलं, पण तेही लांब कुठं तरी. स्टिअरिंग हातात हलकं झालं. मी ते डावीकडं वळवलं, गाडी सरळ गेली. उजवीकडं वळवलं, तरी सरळच गेली. दुसऱ्या कुणी तरी गाडी हातात घेतली होती आणि मला नुसतं चाक फिरवत बसायला सांगितलं होतं. पुढच्या क्षणी शेपूट पुढं आली, रानं आमच्याभोवती फिरली, आणि गाडी कडेवरून सरकत ज्वारीत जाऊन उभी राहिली. कुठं आपटली नाही. काच फुटली नाही. ज्वारीची पानं खिडकीला हळूहळू घासत होती.

आईनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. मी मागं पाहिलं. सून आडवी होती तशीच होती, डोळे उघडे, डावा हात सीटच्या रिकाम्या कडेला टाकलेला. ती शांतपणे म्हणाली, "कुणी तरी माझा हात धरून बसलं होतं."

मागं तिच्याशिवाय कुणी नव्हतं. रानातल्या माणसांनी गाडी ढकलून वर काढली. मी रस्त्यावर उतरून मागं चालत गेलो. ब्रेकची खूण नाही, रबराचा काळा ओरखडा नाही, काही नाही. पाण्यात फक्त आभाळ होतं. गाडी त्या पाण्यावरून गेली हे पाण्याला माहीतच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी जालन्याच्या दवाखान्यात तिला मेलेलं मूल झालं. मुलगा होता. तिची आई म्हणाली, नेलं तिनं. कुणी मला बोल लावला नाही. उलट अड्ड्यावर सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागले, चाचांनी स्वतःच्या पैशानं चहा पाजला. मला कुणी तरी शिव्या घालायला हव्या होत्या असं फार वाटलं.

मग मी एक गोष्ट केली. कासाराकडून हिरव्या बांगड्या घेतल्या, बहिणीला पाहिजेत म्हणून थाप मारली, आणि त्या जागेवर गवतात ठेवून आलो. तिथं आधीच्याही बांगड्या पडल्या होत्या, काही फुटलेल्या, काही चिखलात रुतलेल्या. म्हणजे हसणारा मी एकटा नव्हतो, लपून ठेवून येणाराही एकटा नव्हतो. मला माझी इतकी लाज वाटली की दोन दिवस मी वडिलांच्या समोर बसून जेवलो नाही.

त्यांना कळलंच. गाडीत एक बांगडी फुटली होती, तिचा तुकडा माझ्या खिशात राहिला होता आणि शर्ट धुताना माझ्या आईच्या हाताला लागला. वडिलांनी तो कंदिलापाशी धरून पाहिला. ओरडतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "भ्यालास, त्याचं काही न्हाई. शोधलं न्हाईस, त्याची लाज वाटू दे." आणि तुकडा टेबलावर ठेवून वह्या तपासायला बसले.

मला राग आला. काय शोधायचं, आणि कुठं शोधायचं? शाळेच्या फळ्यावर गाडी उचलली जात नाही. रस्त्यावर जाऊन बघा म्हणावं, असं मी मनात पुटपुटलो. पण तो तुकडा वर्षभर टेबलावर तसाच राहिला. कुणी उचलला नाही.

पुढच्या पावसाळ्यात माझ्या धाकट्या बहिणीला आणायची वेळ आली. तीही कुंभार पिंपळगावलाच दिलेली. पहिलं बाळंतपण, आठवा सरत आलेला. वडील म्हणाले, दुसऱ्याची गाडी नको, तूच आण. मी नाही म्हणू शकलो नाही. काय सांगणार होतो? वाटेत एक मेलेली बाई बसली आहे, आणि ती आता माझ्या बहिणीची वाट बघते आहे?

जाताना मी एकटाच. पाऊस धो धो. गाडी तीच, टायर तेच. रस्त्याचा तो तुकडा आला तेव्हा पाणी गेल्या वर्षीपेक्षा जास्त होतं. पाय आपोआप दाबला गेला. काटा साठाच्या पुढं. चाकांखाली चर्र आवाज, तो लिंबापासून लिंबापर्यंत एकदाही तुटला नाही. गाडी रुळावरून गेल्यासारखी गेली. मी मनात म्हणालो, बरोबरच आहे, गाडीत पोटुशी बाई कुठं आहे? तिला मी कशाला हवा?

बहिणीच्या दारात पोचलो. तिला हात धरून बाहेर आणलं, मागं गोधडी अंथरली, आणि काडी घेऊन पुढच्या चाकापाशी बसलो. पिन दाबली. फुस्स. अर्धी हवा गेली. दुसऱ्या चाकापाशी आलो, काडी लावली, आणि हात तिथंच राहिला.

तेच पाणी. तोच वेग. तेच टायर. इकडं येताना गाडी उचलली गेली नाही. परत जाताना जाईल असं मी धरून चाललो होतो, कारण जाताना गाडीत बहीण असणार. पण बहिणीबरोबर आणखी एक गोष्ट बदलणार होती आणि ती माझ्या हातातल्या काडीच्या टोकाला होती. ज्या ज्या गाडीत पोटुशी बाई होती त्या त्या गाडीत चौदा पौंड हवा होती. सगळ्यांत, एकूण एक गाडीत. ती बाई पोटुशी बायका निवडत नव्हती. आम्ही निवडत होतो.

मी डिकीतून पायपंप काढला आणि सोडलेली हवा पुन्हा भरायला लागलो. बहीण खिडकीतून बघत होती. तिला गेल्या वर्षीचं माहीत होतं, तिच्या गल्लीतलीच ती सून. पण ती घाबरली नव्हती, निदान तसं दाखवत नव्हती. म्हणाली, "दादा, समद्यांसाठी सोडतो अन् माझ्यासाठी भरून राह्यला. मला काय खड्डे मोजायला नेतो का?" मी पंप मारत राहिलो.

लिंब आला तेव्हा मी दुसरा नियमही मोडला. पाय उचलला. काटा वीसवर आला. त्या पाण्यातून इतक्या हळू कुणी गाडी नेली असेल असं मला वाटत नाही. दोन्ही बाजूंना गवतात बांगड्या दिसत होत्या, एरवी पळवताना त्या दिसतच नसत. मागचं दार उघडेल, कुणी आत येऊन बसेल, याची मी खरोखर वाट पाहत होतो, इतका मी माझ्या बापाचा मुलगा. मागं वळलो नाही. फक्त आवाज ऐकत राहिलो. पाणी फाटत होतं, चाक खाली डांबराला धरून होतं. चर्र, चर्र, चर्र. दुसरा लिंब मागं पडला.

सुटल्याचं समाधान फार तर एक मैल टिकलं. मग ते माझ्या ध्यानात आलं. ती नव्हती, तर मग मी होतो. त्या सुनेला मी म्हणालो होतो, तुमच्यासाठी रस्ता मऊ करून राह्यलो. मी गाडी कडेला लावली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडलो. बहीण घाबरली, तिला वाटलं आता काही झालं. मी नुसता हात हलवला, काही नाही म्हणून. तिला मुलगी झाली, सुखरूप. टेबलावरचा तो बांगडीचा तुकडा वडिलांनी माझं ऐकून झाल्यावर उचलून फेकला.

मस्तगडाच्या खाली जुने टायर शिवणारा एक कारागीर होता. त्याला मी विचारलं. त्यानं पंक्चर शोधायच्या पाण्याच्या टाकीपाशी नेलं आणि मूठ वळून पाण्यावर मारली. हात आत गेला. मग पंजा पसरून मारला. पंजा पाण्यावरच राहिला, चटका बसला तो वेगळा. म्हणाला, पाण्यालाही बाजूला सरायला वेळ लागतो. नक्षीच्या खाचा असल्या तर त्यांतून ते निघून जातं, टायर गोटा असला तर जाणार कुठं? ट्रक जड, दाबून खाली जातो. जीपचं चाक अरुंद, ते कापत जातं. तुमची गाडी हलकी, त्यात टायर गोटा, त्यात हवा कमी करून तुम्ही त्याचा पंजा केला, आणि त्यात पळवली. मग ती पाण्यावर चढणारच. हे सगळं त्यानं बिडी ओढत, पोराला पाढा सांगावा तसं सांगितलं.

अड्ड्यावर सांगितलं तेव्हा बाकीचे हसले. चाचा हसले नाहीत. ते गाडीच्या चाकाशी उकिडवे बसले आणि आजवर हवा सोडून नेलेल्या बायका बोटांवर मोजायला लागले. एका हाताची झाली, दुसऱ्या हाताची झाली, मग त्यांनी मोजणं सोडून दिलं. "मी तर पाळणा समजत होतो," एवढंच म्हणाले. त्यानंतर त्यांच्या हातात काडी मी पाहिली नाही.

राहिली ती सून. तिच्या गावाला मी महिन्यातून तीनदा जात होतो, तिच्या गल्लीत भाचीला खेळवत होतो, आणि तिच्या दारावरून मान खाली घालून जात होतो. सांगून काय होणार, मूल परत येणार आहे का, असं स्वतःला सांगायचो. हे मी शहाणपण म्हणून सांगायचो, पण होती ती निव्वळ भीती. तीन वर्षं गेली. तिला दरम्यान एक मुलगी झाली. दर श्रावणात ती त्या जागेवर बांगड्या ठेवायला जाते, हे बहिणीकडून कळायचं.

शेवटी एका बाजाराच्या दिवशी गेलो. ती ओसरीवर मूग पाखडत होती. सासूनं चहा दिला. कप वेगळा होता, ते मी नेहमीप्रमाणं पाहिलं आणि प्यालो. सासू आत गेल्यावर सगळं सांगितलं. काडी, चौदा पौंड, पाण्यावरचा पंजा. मधे थांबलो नाही, थांबलो असतो तर उठून गेलो असतो.

सूप तिच्या हातात तसंच राहिलं. तिनं विचारलं, हवा कशापायी सोडली. मी म्हणालो, तुम्हाला धक्का बसू नये म्हणून. तिनं मान हलवली. मी शिव्यांची वाट पाहत होतो, आता तरी कुणी घालील म्हणून.

"हवेचं कळलं, भाऊ," ती म्हणाली. "पण मंग माझा हात कुणी धरला होता?"

स्वतःच्या डाव्या हाताकडं बघत ती पुढं म्हणाली,

"गाडी फिरली तवा मी सीटवरून खाली पडायला पाह्यजे होते. पडले न्हाई. लई घट्ट धरलं होतं मला. मी समजले, लेकराला न्यायला आल्ती. आता तुम्ही म्हणता, न्यायला न्हवती आली." तिनं सूप खाली ठेवलं. "बांगड्या ठेवायचे अन् दर साल त्या बिचारीला मी शिव्या देऊन यायचे."

ती उठून आत गेली. बाहेर आली तेव्हा डोक्यावर पदर होता आणि हातात कागदात गुंडाळलेल्या हिरव्या बांगड्या. मला म्हणाली, जाताना त्या जागेपर्यंत सोडा, येताना मी बसनं येईन. गाडीपाशी आल्यावर ती वाकली आणि मागच्या टायरवर अंगठा दाबून पाहिला.

"हवा बराबर हाय ना?"

चोवीस, मी म्हणालो. तिनं मागचं दार उघडलं. आत बसली आणि पार दाराच्या कडेला सरकली. शेजारी एका माणसापुरती जागा तिनं मोकळी ठेवली होती. मी गाडी सावकाश काढली.